बोथट पात्याचा पंचनामा

निंब फुलले की माझं डाव्या हाताचं मधलं बोट ठणकायला लागतं. नऊ वर्षांपूर्वीची जखम, दोनच टाके पडले होते, ती आता कशाला ठणकेल, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मार्च सरत आला, जळगावच्या रस्त्यांवर निंबाची बारीक पांढरी फुलं पडायला लागली, दुपारी अकरालाच डांबर चपलेला चिकटायला लागलं की ते बोट आपणहून जागं होतं. वासाने जागं होतं की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राग येण्याचं कारण बस स्टँडच्या भिंतीवर दरवर्षी चिकटवलेलं असतं. यंदाही आहे. "मिरवणुकीत शस्त्रे अथवा शस्त्रसदृश वस्तू बाळगण्यास सक्त मनाई." तोच मजकूर, तोच टाईप, शब्दही तेच. फक्त कागद नवा. मी त्याच्यासमोर उभी राहते आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारते. सदृश म्हणजे कुणाच्या डोळ्यांना सदृश?

आमच्या घरात शब्दांबद्दल असा हट्टीपणा पहिल्यापासून आहे. वडील, म्हणजे आमचे आबा, पायाने चालणाऱ्या ट्रेडलच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, हिशेबाची पावती पुस्तकं ही पोटाची कामं. मनाची कामं म्हणजे पत्रकं. सभांची, संपाची, पाण्याच्या मोर्चाची, जयंतीची. उरलेली आणि चुकलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांचीच कव्हरं माझ्या वह्यांना होती. इतिहासाच्या वहीवर "जाहीर निषेध", भूगोलाच्या वहीवर "प्रचंड संख्येने उपस्थित राहा". बाई विचारायच्या, "काय गं, कुणाचा निषेध?" वर्ग हसायचा. मला लाज वाटायची नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

खिळे उलटे जुळवावे लागतात. त्यामुळे आबांना उलटं वाचण्याची इतकी सवय की टेबलापलीकडचा माणूस काय लिहितो ते त्यांना त्याच्या आधी कळायचं. मला आणि अक्काला त्यांनी ते लहानपणीच शिकवलं. दुसरी गोष्ट शिकवली ती विशेषणांची. पत्रकाच्या मजकुरात कुणी "क्रूर", "भ्रष्ट", "नीच" असं भरून आणलं की आबा चष्मा वर करून विचारायचे, "हे विशेषण कोर्टात उभं राहील का, भाऊ? नसेल राहत तर काढून टाका. माणूस काय करतो तेवढंच लिहा. विशेषण फुकट मिळतं, पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते."

त्या वर्षी मला हे वाक्य पाठ होतं. समजलं नंतर.

माझी दहावी होती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा, बारावी होऊन पोलीस भरतीच्या मागे लागली होती. पळण्याची चाचणी झाली, उंची भरली, लेखी झाली, नाव यादीत लागलं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. म्हणजे आपल्याच भागातल्या चौकीने एक कागद पाठवायचा, की ही मुलगी बरी आहे. मायला वाटायचं, ते तर झाल्यासारखंच. माय डाळ मिलमध्ये निवडायला जायची. तिने मिलमधल्या बायांना आधीच पेढे कबूल करून टाकले होते.

आणि परीक्षेच्या त्याच दिवसांत चौदा एप्रिलच्या जयंतीची तालीम. आमची वस्ती मेहरूणला, तळ्याच्या काठी. उन्हाळा लागला की तळ्याचं पाणी मागे सरतं आणि काठाला भेगाळलेल्या मातीचं रुंद मैदान मोकळं होतं. बोरांचा हंगाम संपलेला असायचा, पण बोरींचे काटे मातीत तसेच. रोज संध्याकाळी पाचला अक्का आधी ते काटे वेचायला लावायची आणि मग तालीम. पथकात दहा जणी. लेझीम सगळ्यांना, लाठी पाच जणींना, दांडपट्टा एकट्या अक्काला. मी कडेला बसून नागरिकशास्त्राचे मूलभूत हक्क पाठ करायचे. "कायद्यापुढे सर्व समान" या ओळीला एका बाजूने लेझमीचा खळखळाट आणि दुसऱ्या बाजूने केळीच्या ट्रकांचे भोंगे. त्या ओळीला माझ्या कानात अजून तोच ठेका आहे.

ज्या चाकूने माझं बोट कापलं, तो अक्काने जत्रेत घेतला होता. चाकू-कात्र्या विकणाऱ्याच्या पाटीवर तो एकटाच तसा होता. दोन मुठी, मध्ये पातं. मुठी मिटल्या की पातं आत झाकलं जायचं, एक मूठ धरून मनगटाने झटका दिला की दुसरी मूठ फिरून मागे यायची आणि पातं बाहेर. विकणारा त्याला दोन मुठींचा चाकू म्हणत होता. आमच्या पोरींनी त्याचं नाव ठेवलं फुलपाखरू, कारण फिरताना तो खरंच पंख उघडमीट करतोय असं दिसायचं. अक्काने तीन दिवसांत दोन फेकी, म्हणजे फिरवण्याच्या दोन तऱ्हा, शिकून घेतल्या. तिच्या मनात होतं, मिरवणुकीत पोरींचं पथक नुसतं लेझीम खेळत जातं, मागून कुणीतरी म्हणतंच, "चला, नाचणाऱ्या आल्या." यंदा चौकात थांबायचं आणि असं काही दाखवायचं की म्हणणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहावं. मारायचं कुणाला नव्हतं. दाखवायचं होतं, की हे मनगट आमचं आहे आणि ते आमचं ऐकतं.

मराठीच्या पेपरला तीन दिवस राहिले असताना मी तो हळूच उचलला. चूक मूठ धरली. या चाकूत एका मुठीकडे पात्याची पाठ येते, दुसरीकडे धार. पाठीकडची मूठ धरली तर चुकलं तरी बोटाला नुसता टोला. धारेकडची धरली तर पातं येतं ते थेट बोटावर. मला दुखलंच नाही. पाठ्यपुस्तकावर लाल ठिपके दिसले तेव्हा कळलं.

माय काही ओरडली नाही. टाके घालून आणल्यावर तिने चाकू डाळीच्या डब्यात ठेवला, डब्यावर पाटा ठेवला आणि अक्काकडे वळली.

"हिचा उजवा हात असता तं? दहावी गेली असती पोरीची."

"माय, मी तिला हात लावू नको म्हटलं होतं."

"तू नको म्हटल्यानं चाकूले कळते का? आता एक तं बोथट आण, नाही तं लेझीम खेळ. तिसरं नाही."

पुढचे दोन-तीन आठवडे बोथट चाकूच्या शोधात गेले. मी एकीकडे पेपर देत होते आणि घरी आले की नवा नमुना पाहायला मिळत होता. पहिला सुताराने केला, सागाच्या फळीचा. सुरेख दिसायचा, पण हलका. झटका दिला की मूठ अर्ध्यातच लटकायची. मग अक्काने जत्रेतल्या चाकूचीच धार दगडावर घासून मारली. धार गेली, टोक राहिलं. मायने टोक पाहिलं आणि पुन्हा डब्यावर पाटा ठेवला. तिसरा पत्र्याचा, कापलेल्या डब्यातून केलेला. त्याला धार दिली नव्हती तरी त्याच्या कडा चाकूपेक्षा वाईट होत्या. बोथट वस्तू मिळवणं इतकं अवघड असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. धारेची वस्तू बाजारात कुठेही मिळते.

शेवटी आबा म्हणाले, "धुळ्याला नानांकडे जा."

नाना म्हणजे आबांचे जुने मित्र, फिटर. धुळ्यात त्यांचं लेथचं छोटं दुकान. माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघालो. एरंडोलला बस थांबली तेव्हा अक्काने काकडी घेतली आणि खिडकीतून वारा असा आत आला, जसं कुणी भट्टीचं दार उघडलंय. मांडीवर चाकूचे तीनही फसलेले नमुने पिशवीत होते. दर खड्ड्याला ते एकमेकांवर आपटून वाजत होते.

नानांनी तिन्ही नमुने टेबलावर मांडले. अहिराणीशिवाय ते दुसरं बोलत नसत.

"काय वं सुनंदा, मिरवनूकमा कोनले मारनं शे का तुले?"

"नाही हो नाना. फिरवायचा आहे नुसता."

"मंग हाऊ लाकूडना कसाले आना?"

"लागू नये म्हणून."

नानांनी तो सागाचा चाकू तळहातावर तोलला आणि बाजूला सारला. "हलकी वस्तू हातले खोटं शिकाडस. आज याना वर शिकशी, उद्या खरा हातमा ई तं बोटे जातीन. वजन बठ्ठं तेच पायजे. चाल बठ्ठी तीच पायजे. फक्त धार नही. समजनं का?"

समजलं. वजन, चाल सगळं खऱ्याचं, फक्त धार नाही. मग दुपारभर ते काम पाहत बसलो. त्यांनी पोलादाची पट्टी कापली, कडा घासून गोल केल्या, टोकाला पैशासारखा गोलावा दिला. पण धार नसलेली जाड पट्टी जड झाली, फिरताना मूठ ओढायला लागली. तेव्हा त्यांनी पट्टीत ओळीने पाच भोकं पाडली. वजन उतरलं. पुन्हा फिरवून पाहिलं, पुन्हा एक भोक थोडं मोठं केलं. दोन्ही खिळी बसवल्या, सैल नाही, घट्ट नाही. शेवटी धारेकडच्या मुठीला लाल दोरा गुंडाळला.

"नाना, धारच नाही तर लाल दोरा कशाला?" मी विचारलं.

"धार नही, पन धारनी बाजू तं शे. ती इसरशी तं शिकीसन काय उपेग?" त्यांनी माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. "तुले तं इचारानं कामच नही."

मग त्यांनी समोरच्या गाडीवरून एक पिकलेलं केळं मागवलं. नाना केळ्याला केयं म्हणत. ते त्यांनी फळीवर ठेवलं, अगदी मऊ झालेलं, ठिपके पडलेलं, आणि त्यावर पातं दाबून पुढे-मागे ओढलं. केळं चपटलं. साल फाटलं नाही.

"पिकेल केयानं साल फाटनं तं समजानं, पातामा धार शे. नही फाटनं, तं हाऊ चाकू नही. हाई खेळनं शे." त्यांनी तो अक्काच्या हातात ठेवला. आणि ते चपटलेलं केळं सोलून तिघांत वाटलं.

त्या पात्याने अक्का पुढचे दहा दिवस शिकली. बोटांच्या सांध्यांवर निळे डाग पडायचे, लाल दोऱ्याची मूठ धरली की टोला बसायचा, त्या टोल्यातून शिकायचं. रक्त नाही. मला वाटतं, शिकण्याची सगळी साधनं अशीच असायला हवीत. वजन खऱ्याचं, चाल खऱ्याची, चुकीची शिक्षाही खरी, फक्त आयुष्य कापून जाणार नाही एवढी बोथट. आमच्या वस्तीतल्या किती पोरांना अशी संधी मिळते? त्यांची पहिलीच चूक धारेवर पडते. दुसऱ्यांची पोरं चुकून चुकून शिकतात आणि त्याला लोक अनुभव म्हणतात.

जयंतीला दोन दिवस उरले असताना, संध्याकाळी साडेपाचला तळ्याकाठी जीप आली. अक्का नेमकी मधोमध, पातं हवेत. हवालदार उतरले.

"काय चाललंय? चाकू फिरवतेस?"

"बोथट आहे, दादा. हात लावून बघा."

"हात लावायला मी खुळा आहे का? बस गाडीत."

"कापत नाही हो तो!" बाकीच्या पोरी एकदम ओरडल्या.

"तुमच्या वस्तीत काही न कापणारं सापडलंय का आजवर?" हवालदार म्हणाले. आणि हसले. मी ते हसणं नऊ वर्षं सांभाळून ठेवलं आहे.

आबा छापखान्यातून तसेच आले, हाताला शाई. चौकीत हवालदार पंचनाम्याची कच्ची प्रत लिहीत होते, पलीकडे पंच म्हणून चहावाला आणि पानवाला बसवले होते. ते दोघं सगळ्याच कागदांवर सही करत. आबा टेबलाच्या अलीकडे उभे राहिले आणि उलट्या अक्षरांवर नजर ठेवून शांतपणे म्हणाले, "साहेब, 'धारदार' हा शब्द खोडा."

हवालदारांनी हात आखडून कागद झाकला. "तुम्हाला कसं दिसलं?"

"माझा धंदा आहे तो. धारदार खोडा. तो शब्द खोटा आहे."

"पंचनाम्यात असंच लिहितात. चाकू म्हटला की धारदार."

"मग पंच कशाला बसवले? त्यांनी धार बघितली का?"

चहावाला चुळबुळला. आवाज ऐकून आतले साहेब बाहेर आले. नवे होते, तरुण. अक्का पुढे झाली. ती म्हणाली, "सर, एक केळं मागवा."

"काय?"

"पिकलेलं केळं. त्याचं साल फाटलं तर मी तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

जळगावात केळं शोधायला कुठे जावं लागतं? चौकीच्या खिडकीबाहेरच गाडी उभी होती. केळं आलं. साहेबांनी टेबलावर ठेवून स्वतः पातं दाबलं. हळू, मग जोरात. केळं चपटं झालं, साल शाबूत. मग त्यांनी पातं आपल्या अंगठ्यावर ओढलं. पानवाला आधी हसला, मग चहावाला, मग साहेबही. "काढा हो तो शब्द," ते हवालदारांना म्हणाले. "पक्क्या प्रतीत नका घेऊ." हवालदार "हो साहेब" म्हणून कागद घेऊन आतल्या खोलीत गेले.

आणि साहेबांनी ते केळं सोललं, अर्धं आबांच्या हातात दिलं.

"घ्या मामा. पोरगी तुमची हुशार आहे. आमच्याच खात्यात येणार म्हणे?"

आबांनी ते खाल्लं. मी त्यांना कधीच कुणा साहेबासमोर इतकं हसताना पाहिलं नव्हतं. शाईच्या बोटांनी अर्धं केळं धरून ते लहान मुलासारखे उभे होते. आमच्या माणसाला चौकीत कुणी मामा म्हटलं होतं, त्याच्या शब्दाने एक शब्द खोडला गेला होता, यापेक्षा मोठा विजय त्यांच्या पत्रकांनी कधी मिळवला नव्हता. आतून पक्की प्रत आली. पंचांनी सही केली. अक्काने सही केली. आबांनीही केली. खेळणं जप्त राहिलं, "जयंतीनंतर न्या" म्हणाले. आम्ही चालत घरी आलो, निंबाच्या फुलांवरून.

ज्या माणसाने एक प्रूफ तीनदा वाचल्याशिवाय आयुष्यात कधी यंत्रावर चढू दिलं नाही, त्याने पक्की प्रत वाचली नव्हती.

दोन महिन्यांनी भरतीचं पत्र आलं. पडताळणी अहवाल प्रतिकूल. आबा कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने अहवाल दाखवायला नकार दिला, पण तो समोर उघडा ठेवूनच नकार दिला. अहवालाला तोच पंचनामा जोडलेला होता. आबांनी तो टेबलाच्या अलीकडून उलटा वाचला. "सदर मुलगी सार्वजनिक ठिकाणी धारदार चाकूसह आढळून आली." खाली दोन पंचांच्या सह्या. खाली अक्काची. खाली त्यांची स्वतःची.

त्यांनी अर्ज केले, पत्रक काढलं, साहेबांना भेटायला गेले. साहेबांची बदली झाली होती. हवालदार म्हणाले, "कागद बोलतो तेच खरं. तुम्ही सही केलीत ना?" यादीची मुदत संपली. मायने मिलमधल्या बायांना पेढ्यांचं काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

मी चिडते ती एवढ्यावर नाही. जयंतीच्या त्याच महिन्यात शहरात दुसरी मिरवणूक निघाली होती. फेटेवाली मोठी माणसं उघड्या जीपमध्ये, हातात तलवारी. खऱ्या. उन्हात त्यांची धार डोळ्यांत खुपत होती. तोच हवालदार दोन्ही हातांनी गर्दी सारून जीपला वाट करून देत होता. कुणी केळं मागवलं नाही. त्यांच्या हातातली तलवार "परंपरा" होते आणि आमच्या हातातली भोकं पाडलेली पट्टी "धारदार" होते, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, की धार कशात होती? पोलादात तर नव्हती. ती तुमच्या डोळ्यांत होती, साहेब. आमची वस्ती पाहिली की ती आपोआप लागते.

आणि मी आबांवरही चिडले. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली. अर्ध्या केळ्यावर, एका "मामा"वर, मुलीची नोकरी गेली, असं मी त्यांना एकदा तोंडावर बोलले. त्यानंतर ते किराण्याची चिठ्ठीसुद्धा तीनदा वाचायला लागले. माझं ते वाक्यही धारदारच होतं, आणि मी ते कुठल्याही सालावर तपासून पाहिलं नव्हतं. आज कळतं, ती चूक हावरेपणाची नव्हती. ज्याला कधी कुणी गोड बोललेलं नसतं, त्याला गोड शब्दासमोर कागद मागण्याची लाज वाटते. ही लाज आपल्यात कुणी पेरली, त्यावरही एक पत्रक निघायला हवं.

अक्का आता यावलला मुलींच्या वसतिगृहात असते. पगार थोडा, मुली चाळीस. सातपुड्याच्या पाड्यांवरच्या, केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्यांच्या. तिने नानांकडून आठ पाती करून आणली. प्रत्येकावर पाच भोकं, प्रत्येकाला लाल दोरा. नवं पातं आलं की मुली रांगेने बसतात, केळं मधोमध ठेवतात आणि श्वास धरून पाहतात. साल फाटलं नाही की टाळ्या.

यंदा तिने त्या मुलींसाठी जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी मागितली. मला बोलावून घेतलं. आबा आता माझ्यासोबत राहतात, छापखाना बंद पडला, नजर अधू झाली. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन एवढंच सांगितलं, "उलटं वाच."

यावलच्या ठाण्यात जमादार होते, निवृत्तीला आलेले, थकलेले, वाईट माणूस नव्हे. छापील अर्जावर त्यांनी लिहायला घेतलं. मी टेबलाच्या अलीकडून पाहत होते.

"जमादार साहेब, 'शस्त्रे आठ' असं लिहू नका."

त्यांनी चमकून वर पाहिलं. "रकानाच शस्त्रांचा आहे, ताई. काही भरावं तर लागेल."

"मग रकान्यावर रेघ मारा. शेऱ्याच्या जागी लिहा, काय आहे ते."

"काय आहे?"

अक्काने पिशवीतून पातं काढलं, केळं काढलं. ज्या मनगटाने आठ फेकी डोळे मिटून केल्या असत्या, त्याच मनगटाने नऊ वर्षांनी तिने ते दोन्ही ठाण्यातल्या टेबलावर ठेवलं आणि जमादारांपुढे सरकवलं. मला वाटलं आपण पुढे व्हावं. झाले नाही. हे तिचं होतं.

"दाबा," ती म्हणाली.

जमादारांनी दाबलं. ओढलं. चपटलं. त्यांनी सालावरून बोट फिरवलं, चष्मा काढून पाहिलं. "अरे वा. माझ्या नातीला द्यायला हरकत नाही."

"लिहा मग," अक्का म्हणाली, आणि सांगत गेली. "सरावाची बोथट पाती, नग आठ. टोक गोल. धार नाही. पिकलेल्या केळ्याचं साल फाटत नाही, हे समक्ष पाहिलं."

"केळ्याचंही लिहू?"

"तेच आधी लिहा."

त्यांनी लिहिलं. कुरकुरत, पण लिहिलं. म्हणाले, "पक्की प्रत उद्या न्या." अक्का खुर्चीवर बसली. "आज द्या. मी थांबते." आम्ही दीड तास थांबलो. पंखा फिरत होता, बाहेर केळीचे घड भरलेले ट्रॅक्टर जात होते, टेबलावर ते चपटं केळं काळं पडत होतं. जमादारांनी मधे एकदा ते पुढे सारलं, "खा की बाई, वाया जाईल." अक्का नको म्हणाली नाही. तिने ते नुसतं आपल्या बाजूला ओढून ठेवलं.

पक्की प्रत आली. अक्काने ती मोठ्याने वाचली, शिक्क्यासकट. मग मी वाचली. मग टेबलावर ठेवून, पलीकडे जाऊन, उलटी वाचली. जमादार म्हणाले, "तुम्ही लोक जरा अतीच करता." आम्ही सही केली.

संध्याकाळच्या गाडीने मी जळगावला परतले. आबा ओट्यावर बसले होते, वर निंब, अंगावर त्याची फुलं. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग वळवून उलटा धरला, जुन्या सवयीने, आणि एकेका शब्दावर बोट टेकवत वाचायला लागले. "बोथट" वर बोट थांबलं. पुढे गेलं. पुन्हा मागे आलं. शेवटी अक्काच्या सहीवर पोहोचलं आणि तिथेच राहिलं. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं,

"केळं कुणी खाल्लं?"

"अक्काने आणि मी," मी म्हणाले. "आधी वाचलं, आबा. मग खाल्लं."